फक्कीचा समुद्र

सागरी मोहिमेचं यश शेवटी तिच्या नेत्याच्या चारित्र्यावर अवलंबून असतं. कॉलेजात इतिहास शिकवताना हे वाक्य मी दरवर्षी सांगत असे, आणि मुलं ते निमूटपणे लिहून घेत. आमच्या मोहिमेचा नेता मात्र त्या रविवारी सकाळी कराडच्या शिक्षक कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवर हाफ पँट घालून, मैदानावर रेघा मारायच्या पांढऱ्या फक्कीचं डबडं हातात धरून उकिडवा बसला होता, आणि समुद्र किती रुंद काढायचा यावरून त्याचं शेजाऱ्यांशी वाजलं होतं.

“एवढाच?” जंगमसाहेब म्हणाले. “ह्याला समुद्र म्हणत नाहीत, थोरात सर. आमच्या खात्यात ह्याला पाट म्हणतात.”

जंगमसाहेब पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. पाण्याच्या बाबतीत त्यांचा शब्द कॉलनीत शेवटचा मानला जाई. फक्त नळाला पाणी का येत नाही, एवढं त्यांना विचारायचं नाही.

“समुद्र नाही, खाडी आहे ती,” आमचे नेते थोरात सर, म्हणजे माझे दाजी, म्हणाले. “समुद्र पलीकडं.”

“पलीकडं पिसाळवहिनींची वाळवणं आहेत.”

“मग वाळवणं काढायला सांगा.”

“माझ्या सांडग्यांना कुणी हात लावायचा नाही,” पिसाळवहिनी कंपाउंडच्या भिंतीवरून म्हणाल्या. “तुमची बोट घ्या अलीकडं.”

बोट अलीकडे घेतली. म्हणजे दाजींनी चपलेने जुनी रेघ पुसली आणि नवी मारली. मी ती रेघ बघितली आणि मला बरं वाटलं नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सगळी हयात हायस्कुलात पी.टी. शिकवण्यात गेली. पंधरा ऑगस्टला त्यांनी मारलेली फक्कीची रेघ अशी असे, की भूमितीच्या सरांनी मुलांना ती बघायला ग्राउंडवर न्यावं. आजची रेघ मुंगळा चालत गेल्यासारखी होती.

“दाजी, वाकडी आलीय.”

“लाटा आहेत,” दाजी म्हणाले.

प्लॉटच्या तोंडाशी आमचं वाहन उभं होतं. पूर्वी त्या मिनीबसमधून एक ब्रास बँड गावोगाव फिरत असे. दाजींनी ती जुनी घेतली, आतली बाकडी काढली, दोन झोपायच्या फळ्या, गॅस, बेसिन आणि मागच्या बाजूला दार लावता येईल असं बाथरूम बसवलं, आणि बाहेरून सगळ्या गाडीला पांढरा रंग मारला. पण ऊन तापलं की खालची लाल अक्षरं हळूहळू वर येत, आणि दुपारपर्यंत ‘लग्न, मुंज, वरात’ एवढं रस्त्यावरून सहज वाचता येई.

प्लॉटच्या समोरच दाजींचं घर. वरच्या मजल्यावर गॅलरी, गॅलरीला बांबूच्या काड्यांचा चिकाचा पडदा, आणि पडद्याआड त्यांची बायको, म्हणजे माझी अक्का. हा सगळा खटाटोप तिच्यासाठी चालला होता, आणि ती येणार नव्हती.

अक्का आमच्या भागातली खो-खोची नावाजलेली पंच. मैदानावर ती उभी राहिली की पोरी आपल्या आईला घाबरत नसतील तेवढ्या तिला घाबरत. एकदा तिने संस्थेच्या चेअरमनच्या मुलीला बाद दिलं. चेअरमन मंडपातून उठून मैदानात आले, तर तिने त्यांनाही रेषेबाहेर काढलं. अशा बाईचं आतड्याचं ऑपरेशन झालं. आजार गेला, पण शौचाची वाट बदलून पोटाला बाहेरून पिशवी आली, आणि ती कायमची. डॉक्टर म्हणाले, आता काही भीती नाही, पहिल्यासारखं हिंडा-फिरा. डॉक्टरांना अक्का माहीत नव्हती. जन्मभर दुसऱ्यांच्या पायांवर नजर ठेवलेल्या बाईला आता सगळ्यांची नजर आपल्या पोटावर आहे असं वाटायला लागलं. वास येत असेल का, आवाज झाला तर काय, कार्यालयात बाथरूम कुठं असेल, दाराला कडी असेल का, बाहेर कुणी ताटकळत असेल का. तिने एकेक करून सगळं सोडलं. आधी मैदान, मग लग्नंकार्यं, मग भाजी, मग जिना. माझ्या मुलीच्या लग्नाला ती आली नाही. सख्खी आत्या, आणि फोनवर म्हणाली, “गुडघा धरलाय रे, रंगा.” गुडघ्याला काही झालेलं नव्हतं. घरात त्या पिशवीचं नाव कुणी काढत नसे. ‘ते’ म्हणायचे.

दाजींनी तिची समजूत घातली नाही. समजूत घालणं पी.टी.च्या अभ्यासक्रमात नसतं. ते एक दिवस मिनीबस घेऊन दारात आले आणि हॉर्न वाजवला. मी नेमका तेव्हा साताऱ्याहून आलो होतो, म्हणून पुढचं बोलणं मी माझ्या कानांनी ऐकलं.

“हे काय आणलंत?” अक्का पडद्याआडून म्हणाली.

“गाडी.”

“ते दिसतंय. वरात कुणाची?”

“काळवणे बेटावर जायचं. फेरीबोटीत गाडी चढवायची, पलीकडं मुक्काम करायचा. गाडीतच झोपायचं, गाडीतच करून खायचं. बाथरूम गाडीत. आतून कडी. बेटावर चिटपाखरू नसतं.”

“जा तुम्ही. मी घर बघते.”

“बरं,” दाजी म्हणाले, आणि दोघांच्या हिशोबाने तयारीला लागले.

फार पूर्वी कधीतरी दाजी त्या बेटावर शाळेची सहल घेऊन गेले होते. बेटाबद्दल विचारलं तर त्यांना काही सांगता येत नसे. बोलत ते फक्त फेरीबोटीबद्दल. तिला एकाच बाजूला गाड्या चढायचा फाळका असतो. तो धक्क्यावर पडला की गाड्यांनी उलटं आत जायचं, म्हणजे पलीकडे उतरताना तोंड सरळ. “उलटी गाडी, खाली पाणी, मागं माणसं,” दाजी म्हणत. “तालमीशिवाय जमायचं नाही.” त्यांच्या मते जगात तालमीशिवाय जमण्यासारखं काही नव्हतंच. स्वतःच्या लग्नात त्यांनी मुंडावळ्या बांधून चालण्याची तालीम केली होती, असं अक्का सांगत असे.

गाडीचं काम इक्बालच्या गॅरेजमध्ये चाललं होतं. एका दुपारी मी तिथे गेलो, तर इक्बाल बाहेर चहा पीत बसलेला. “सर आत हायत,” तो म्हणाला, आणि उगाचच दुसरीकडे बघायला लागला. मी गाडीत चढून बाथरूमचं दार ढकललं. दाजी आत उभे होते. शर्ट वर खोचलेला, आणि पोटाला सुतळीने बांधलेली दुधाची पिशवी. तिच्यात पाणी भरलं होतं. ते एका लाकडी फळीसमोर वाकत होते, सरळ होत होते, पुन्हा वाकत होते, आणि प्रत्येक वेळी फळीवर पेन्सिलीने खूण करत होते.

अशा अवस्थेतल्या माणसाला काय म्हणायचं असतं, ते मला कुणी शिकवलेलं नाही.

“दाजी, चहा घेणार?”

“घेणार,” दाजी म्हणाले. “फळी दोन बोटं वर पाहिजे. तिला वाकावं लागेल नाहीतर. इक्बालला सांगा. आणि प्रोफेसर, दुसरं कुणाला काही सांगू नका.”

मी सांगितलं नाही. आत्ता सांगतोय.

तर तो पहिला रविवार. फक्कीची बोट तयार झाली. पिसाळवहिनी आणि आणखी दोघीजणी टोपल्या घेऊन उतारू म्हणून उभ्या राहिल्या. भरतीचं खातं जंगमसाहेबांनी आपणहून घेतलं. दाजी स्टिअरिंगवर, मी गाडीच्या मागे. निघण्यापूर्वी दाजींनी सगळ्यांना जवळ बोलावून एकच सूचना दिली.

“गॅलरीकडं कुणी बघायचं नाही.”

“का?” मी विचारलं.

“मान दुखते.”

तालीम सुरू झाली. मी हात हलवत मागे सरकत होतो. “येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या... डावीकडं घ्या थोडी... डावीकडं, दाजी! अहो, माझी डावी नाही, गाडीची डावी! बस... बस, बस, बस!”

मागचं चाक रेघेबाहेर गेलं आणि सांडग्यांपासून वीतभर अंतरावर थांबलं.

“बुडाली,” जंगमसाहेब म्हणाले. “सगळे गेले.”

“मी पोहते,” पिसाळवहिनी म्हणाल्या.

पुन्हा घेतली. पुन्हा बुडाली. तिसऱ्या खेपेला गाडी बोटीला बगल देऊन थेट खाडीत शिरली. मी बघतच राहिलो. शाळेची बस अरुंद बोळातून उलटी काढून दाखवणारा हा माणूस, आणि आता त्याला एवढा मोठा प्लॉट पुरत नव्हता. वर पडदा हलला नाही. निदान मला तसं वाटलं, कारण मी सूचनेप्रमाणे बघत नव्हतो. घरी गेल्यावर बायकोला म्हणालो, “दाजी थकले गं. हातातून सगळं सुटत चाललंय.” बायको हळहळली. मीही हळहळलो. आम्ही बराच वेळ त्या विषयावर फार समंजसपणे बोललो.

पुढच्या रविवारी दाजींनी कहर केला. गळ्यात शिट्टी अडकवून ते स्टिअरिंगवर बसले. म्हणजे गाडी चालवणार तेच, आणि ती बरोबर चढली की नाही याचा निकालही देणार तेच.

“असं चालत नाही,” जंगमसाहेब म्हणाले.

“बोट माझी आहे,” दाजी म्हणाले.

मी येऊ द्या, येऊ द्या केलं. गाडी आली, चाक सरळ रेघेवर चढलं, फक्की टायरला लागली. दाजींनी खिडकीतून डोकं काढलं, मागे बघितलं न बघितलं, शिट्टी मारली आणि मोठ्याने म्हणाले, “पास!”

“पास कसलं?” मी म्हणालो. “दाजी, चाक—”

आणि वरून शिट्टी आली. लांब, एका दमातली. कॉलनीतल्या कुत्र्यांनीसुद्धा माना वळवल्या. सूचना विसरून आम्ही सगळ्यांनी वर बघितलं. पडदा एका बाजूला झाला होता.

“चाक रेषेवर आहे,” अक्का म्हणाली.

“नाही,” दाजी म्हणाले.

“मागचं डावं.”

“वरून तसं दिसतं. जवळून बघितलं तर आत आहे.”

“स्वतःच खेळायचं आणि स्वतःच निकाल द्यायचा? हे कुठल्या नियमात बसतं, सर?”

“मी जवळून बघतोय. तू लांबून बघतेस.”

 मग दाराची कडी वाजली. मग जिन्यावर चपला. पिसाळवहिनींनी एकदम खाली मान घालून टोपलीत काहीतरी शोधायला सुरुवात केली. टोपली रिकामी होती. जंगमसाहेब खाडीचं निरीक्षण करू लागले.

अक्का आली. एवढ्या उन्हाळ्यात अंगावर शाल, आणि शालीची टोकं पोटावर घट्ट धरलेली. कुणाकडेही न बघता ती सरळ गाडीच्या मागे गेली आणि चाकापाशी वाकली.

“हे काय आहे?”

“फक्की,” दाजी खिडकीतून म्हणाले.

“चाक तिच्या कुठल्या बाजूला आहे?”

दाजी उतरले, मागे आले, चष्मा पुसून बघितलं. “बाहेरच्या.”

“मग?”

“चुकलं.”

“आणि ही रेघ कुणी मारली?”

“मी.”

“लाज नाही वाटत?” अक्का म्हणाली, आणि आली तशी वर निघून गेली.

जिन्यावरच्या चपला थांबल्या. मग जंगमसाहेबांनी घसा साफ केला. “निकाल बदललेला आहे,” ते म्हणाले, आणि आम्हाला परत बुडवलं.

तिसऱ्या रविवारी प्लॉटच्या कडेला, सावलीत, एक खुर्ची होती. ती कुणी ठेवली ते कुणालाच माहीत नव्हतं. अक्का खाली आली, खुर्चीकडे संशयाने बघितलं आणि बसली. शाल होतीच. गळ्यात शिट्टी होती. तिने आधी सगळ्या रेघा पुसायला लावल्या आणि दाजींकडून पुन्हा मारून घेतल्या. दोनदा. दुसऱ्या वेळी रेघ अशी आली की माझ्याच डोळ्यांवर माझा विश्वास बसेना. सरावाने हात परत येतो, असं मी मनात म्हटलं. मनात म्हणायला माझ्याकडे अशी बरीच वाक्यं होती.

त्या दिवशी उतारूंना चढवायची तालीम होती. जंगमसाहेब भरतीचं काम सांभाळून तिकिटं फाडायलाही उभे राहिले. कागदाचे तुकडे त्यांनी घरून करून आणले होते, त्यांच्यावर शिक्का कसा मारता येईल याची त्यांना हुरहुर लागली होती.

“गाडीचं एक. माणसं दोन. टोपलीचं वेगळं पडेल, वहिनी.”

“रिकाम्या टोपलीचं?”

“टोपली ती टोपली.”

तेवढ्यात खुर्चीतून अक्काचा आवाज आला. अगदी नेहमीचा, मैदानावरचा.

“आणि माझ्या पोटाला पिशवी आहे तिचं काय, जंगमसाहेब? हाफ की फुल?”

 दोन वर्षांत तो शब्द घराच्या आतसुद्धा कुणी उच्चारला नव्हता, आणि तो आता भर उन्हात, पिसाळवहिनींच्या सांडग्यांदेखत, मोकळ्या प्लॉटवर पडला होता. दाजी गाडीच्या पुढच्या चाकापाशी उभे होते. 

सगळे जंगमसाहेबांकडे बघत होते. खात्यात आख्खं आयुष्य काढलेल्या त्या गृहस्थाने हातातल्या तिकिटांकडे बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि गंभीरपणे म्हणाले, “नियमात बघावं लागेल.”

आधी पिसाळवहिनींच्या तोंडून फस्सकन आवाज आला. मग अक्का हसली. हसताना तिने शालीची टोकं सोडली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर आपटले. जंगमसाहेब हसले नाहीत. ते खरोखरच विचार करत होते. “हातातलं सामान फ्री असतं,” ते म्हणाले. “पोटाचं काही दिलेलं नाही.” त्यावर अक्का इतकी हसली की तिला खोकला आला. दाजी चाकाला लाथ मारून हवा बघत होते. हवा ठीक होती. त्यांनी आणखी दोनदा बघितली.

थोड्या वेळाने अक्का उठली आणि काही न बोलता गाडीत चढली. मागच्या बाथरूमचं दार लागलं. आतून कडी सरकली.

आम्ही सगळे एकाच वेळी भरतीवर मोठमोठ्याने बोलायला लागलो. पिसाळवहिनींनी पौर्णिमेची भरती काढली, मी अमावस्येची. जंगमसाहेब म्हणाले की कोयनेला भरती येत नाही, हे लोकांना मुद्दाम सांगावं लागतं.  दाजींच्या हातातली फक्की बोटांतून सांडत होती आणि त्यांच्या बुटावर एक लहानसं बेट तयार होत होतं.

दार उघडलं. अक्का पायरीवर येऊन उभी राहिली.

“नळ उलटा बसवलाय,” ती म्हणाली.

“फिरवून घेऊ,” दाजी म्हणाले.

“फळी बरोबर आहे. वाकावं लागत नाही. कुणी मोजली?”

“इक्बालनं.”

मी तोंड उघडलं. दाजींचा फक्कीने माखलेला बूट माझ्या पायावर पडला. मी तोंड मिटलं.

आम्ही निघालो तेव्हा शिक्षक कॉलनी वाटेला लावायला रस्त्यावर आली होती. मला ‘मागून हात दाखवण्यासाठी’ सोबत घेतलं होतं. मी फेरीबोटीसाठी उलटीच्या गोळ्या घेतल्या होत्या, आणि ट्रकच्या टायरची एक फुगवलेली ट्यूबही. जंगमसाहेबांनी ट्यूबकडे बघितलं आणि का कोण जाणे, माझा हात हातात घेऊन बराच वेळ हलवला. कुंभार्ली घाटात गोळ्या संपल्या. अक्का पुढच्या सीटवर बसून वळणावळणाला दाजींना फाऊल देत होती. वाटेत ती दोनदा मागे जाऊन आली. दोन्ही वेळा दाजींनी गाडी झाडाखाली घेतली, खाली उतरले आणि आजूबाजूच्या पक्ष्यांमध्ये रस असल्यासारखे उभे राहिले.

दुपार कलताना खाडी दिसली. रस्ता संपतो तिथे जुना धक्का होता. त्याच्यावर शेवाळ चढलं होतं आणि काही लोक जाळी वाळत घालत होते. बोट नव्हती. मी उतरलो, ट्यूब खांद्यावर होतीच.

“फेरी किती वाजता आहे हो?”

जाळीवाल्याने माझ्याकडे बघितलं, मग ट्यूबकडे. “फेरी? कवाच बंद झाली. पूल झालाय की. ह्यो काय.”

पूल अगदी समोर होता. एवढा समोर, की तो न दिसायला माणूस इतिहासाचा प्राध्यापकच असायला हवा. धक्क्याच्या बाजूने वर निघून, लहानसा, पांढऱ्या कठड्यांचा, सरळ बेटावर गेलेला.

मी दाजींकडे वळलो. ते चष्मा पुसत होते.

“दाजी, तुम्हाला माहीत होतं?”

“पेपरात आलं होतं, उद्घाटन झालं तेव्हा.”

“मग हे सगळं? बोट, फक्की, उलटी गाडी?”

“हळू बोला,” दाजी म्हणाले. “पुलाची तालीम कशी घेणार, प्रोफेसर? पुलावर चुकणार काय माणूस?”

“काय कुजबुजताय?” गाडीच्या खिडकीतून अक्का म्हणाली. “पूल आहे, मला माहीत आहे.”

दाजींचा चष्मा हातातच राहिला. “तुला कुणी सांगितलं?”

“जंगमसाहेबांनी. तुम्ही पहिल्यांदा फक्की मारलीत त्याच संध्याकाळी. पुलाचं काम करणारा त्यांचाच दोस्त. पिसाळवहिनींनाही माहीत आहे.”

मी हिशोब केला. हाताशी एम.ए.ची पदवी असलेला एकच माणूस उरत होता.

“माहीत होतं, तर खाली का आलीस?” दाजींनी विचारलं.

“अहो, जन्मभर सरळ रेघ मारणारा माणूस माझ्या गॅलरीखाली येऊन वाकडी रेघ मारतो. मुद्दाम केलेला फाऊल पंचाला कळत नाही?”

“कळला तर द्यायचा होता.”

“दिला की,” अक्का म्हणाली. “शिट्टी नाही ऐकलीत?”

दाजींनी चष्मा घातला, पुन्हा काढला.

“चला मग,” ते म्हणाले. “तू बस तशीच. जाऊ सरळ.”

“सरळ?” अक्का दार उघडून उतरली. शाल सीटवरच राहिली होती. ते तिच्या लक्षात आलं नव्हतं, आणि आम्ही दोघं खाडीकडे बघू लागलो. “एवढी तालीम केली ती सरळ जायला? गाडी उलटी घ्या.”

“अगं, पूल आहे.”

“मला दिसतोय. उलटी घ्या. रंगा, ती ट्यूब ठेव आणि मागं हो.”

धक्क्यावरची जाळी तशीच राहिली. मासे विकून परतणाऱ्या बायका टोपल्या उतरवून उभ्या राहिल्या, पलीकडून बेटावरची शाळा सुटलेली पोरं धावत आली, आणि बर्फाचा एक टेम्पो येत होता त्याला अक्काने रस्त्याच्या मधोमध उभं राहून, हात वर करून थांबवलं. सगळी अनोळखी माणसं. सगळ्यांची नजर तिच्यावर. ती बघत होती फक्त चाकाकडे.

शिट्टी झाली. मी मागे सरकत म्हणू लागलो, “येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या.” म्हणायची गरज नव्हती. दाजींनी गाडी अशी घेतली, की त्यांची पंधरा ऑगस्टची रेघ आठवावी. कडेच्या पांढऱ्या पट्ट्यापासून चाक जेवढं अंतर ठेवून निघालं, तेवढंच ठेवून चालत राहिलं. ना डावीकडे, ना उजवीकडे. ह्या माणसाला तीन रविवार चुकत राहायला किती मेहनत पडली असेल, हे तेव्हा पुलावर उलटं चालताना माझ्या डोक्यात आलं. मी अडखळलो. अक्काने मला फाऊल दिला.

गाडी दिवसभर उन्हात तापली होती आणि तिच्या अंगावर लाल अक्षरं वर आली होती. पुलाच्या मध्यावर, आमच्याबरोबर चालत आलेल्या टोपलीवाल्या बायकांपैकी एकीने ती वाचली असावीत, किंवा शेजारच्या पोराकडून वाचून घेतली असावीत.

“कोनाची वरात ओ ही, बाय?”

“आमचीच,” अक्का म्हणाली, आणि चाकावरची नजर न काढता पुढे चालत राहिली.

पूल संपला. शेवटचा सांधा मागच्या चाकाने ओलांडला, मग पुढच्या. अक्काने लांब शिट्टी मारली आणि हात वर केला. दाजींनी खिडकीतून डोकं काढलं, आणि पहिल्याच स्पर्धेला आलेल्या पोरासारखं तिच्याकडे बघत राहिले.

“पास,” अक्का म्हणाली.

काळवणे बेटावर बघण्यासारखं काही नाही.